जाळीच्या पलीकडची पाच पिल्लं

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा होता. तिसरीच्या वर्गात मी आठाचा पाढा घेत होते. आठ चोक बत्तीसपाशी आले आणि मधल्या रांगेतलं एक दप्तर चिवचिवलं. मी थांबले. वर्गही थांबला, दप्तर मात्र थांबलं नाही. मग खिडकीजवळचं दुसरं दप्तर त्याला उत्तर द्यायला लागलं.

मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाबाहेर एक माणूस सायकलला टोपली लावून आला होता. टोपलीत कोंबडीची रंगवलेली पिल्लं, गुलाबी, हिरवी, जांभळी. चार मुलांनी मिळून सहा पिल्लं घेतली होती. मी ती सगळी टेबलावर काढून ठेवली. ती थरथरत एकमेकांना चिकटून उभी राहिली.

"घरी नेल्यावर आई काय म्हणेल?" मी एकीला विचारलं.

"मारेल."

"मग घेतलंस कशाला?"

"ते माझ्याकडेच बघत होतं, बाई."

आमच्या शाळेतली बहुतेक मुलं सुरतेच्या लिंबायत आणि गोडादऱ्यातल्या लूम, म्हणजे यंत्रमाग कामगारांची. एका खोलीत पाच-सहा माणसं, त्यात कुणी रात्रपाळी करून दिवसा झोपलेलं. तिथे पिल्लू दोन दिवससुद्धा जगलं नसतं. शाळा सुटल्यावर मी खडूच्या रिकाम्या खोक्यात सहाही पिल्लं घातली, खोकं स्कूटरच्या पुढे पायांत ठेवलं आणि घरी आले. मुलांना एवढंच सांगितलं, की रोज सकाळी मला त्यांच्याबद्दल विचारायचं.

आमचं घर गोडादऱ्यात, एका रांगेतल्या घरांपैकी शेवटचं. त्यामुळे मागे थोडी जास्त जागा आली. तिथे एक पपईचं झाड, कपडे वाळत घालायची तार, आणि भिंतीला लागून खुराडं. खुराड्यात चार गावठी कोंबड्या. त्या माझ्या नव्हत्या, सासूबाईंच्या होत्या. सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना साक्रीकडच्या गावाहून सुरतला घेऊन आलो. त्या येताना सोबत फारसं काही घेऊन आल्या नाहीत. दोन लुगडी, देवाचा डबा आणि टोपलीत दोन कोंबड्या. त्या दोनांच्या पुढे चार झाल्या. सगळ्यांत वरचा मान काळीचा. ती आधी खायची, आधी पाणी प्यायची, संध्याकाळी खुराड्यातल्या बांबूवर भिंतीकडची उबदार जागा तिची. तिच्यानंतर तांबडी, मग उघड्या मानेची, आणि सगळ्यांत शेवटी ठिपक्यांची.

सासूबाई दारातच बसल्या होत्या. चोवीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी मराठी बोलत आले आणि त्या माझ्याशी अहिराणी. दोघींनाही कधी अडलं नाही.

"हाई काय लई उनी, माय?" हे काय घेऊन आलीस, असं खोक्यात डोकावून त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी एक हिरवं पिल्लू उचललं, पोटाकडून हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, यातले बरेचसे कोंबडे निघतील. स्वस्तात विकतात ते म्हणूनच.

संध्याकाळी माझे मिस्टर कामावरून आले. ते पलसाण्याच्या एका डाइंग युनिटमध्ये कलर मास्टर आहेत. आयुष्य रंगात गेलेलं. त्यांनी गुलाबी पिल्लू उजेडात धरलं, बोटाने पंख चोळला आणि बोटाकडे पाहिलं.

"कच्चा रंग आहे," ते म्हणाले. "पहिल्या धुण्यात उतरेल."

"पिल्लं धुवायची नसतात," मी म्हणाले.

एक पिल्लू दुसऱ्याच दिवशी गेलं. मी शाळेत खरं ते सांगितलं. मुलांनी ऐकून घेतलं आणि उरलेल्या पाचांबद्दल विचारलं. ती पाच मात्र टिकली. टीव्हीचं जुनं खोकं, वर टांगलेला पिवळा बल्ब, खाली भुसा, खायला तांदळाची कणी आणि दुकानातलं पिल्लांचं खाद्य, असं आम्ही त्यांना वाढवलं. खोक्याची जागा सासूबाईंच्या खाटेजवळ. बल्ब किती वर-खाली करायचा ते पिल्लांच्या आवाजावरून त्याच ठरवत. हळूहळू रंगीत लव गळली आणि खालून पांढरी शुभ्र पिसं आली. महिन्याभरात खोकं त्यांना पुरेना. ती उड्या मारून कडेवर बसत आणि खाटेवर उतरत.

आता माझी चूक सांगते.

त्या रविवारी पिल्लं पाच आठवड्यांची झाली असतील. मी ठरवलं, आज यांना मागे सोडायचं. मी चोवीस वर्षं नवी मुलं वर्गात बसवत आले आहे. मध्येच कुणाची बदली होते, कुणी गावाहून येतं, कुणाची आई मूल हाताला धरून दारात उभी असते. मी त्या मुलाला पहिल्या रांगेत बसवते, नाव सांगायला लावते आणि शिकवायला सुरुवात करते. दोन दिवसांत ते मिसळतं. मला वाटलं, कोंबड्यांना माणसापेक्षा काय वेगळं लागणार?

सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी खोकं उचललं, मागे नेलं आणि आडवं केलं. पाच पांढरी पिल्लं बाहेर आली, उन्हात डोळे मिचकावत उभी राहिली.

चारही कोंबड्यांनी मान वर केली. काळी सरळ चालत आली. तिला घाई नव्हती. ती सगळ्यांत पुढच्या पिल्लासमोर थांबली, मान ताठ केली आणि त्याच्या डोक्यावर टोच मारली. पिल्लू किंचाळलं. ते पळालं तर तांबडी आडवी आली. मग चौघींनी मिळून पाचांना भिंतीच्या कोपऱ्यात कोंडलं. मी ओरडत मध्ये गेले, पायाने एकीला बाजूला केलं तर दुसरी माझ्या मागून आली. सगळ्यांत लहान पिल्लाच्या डोक्यावरची कातडी फाटली. पांढऱ्या पिसांवर रक्त दिसलं मात्र, बाकीच्या कोंबड्या त्याच्यावरच तुटून पडल्या. शेवटी मी ते ओढणीत गुंडाळून घरात पळाले, आणि मिस्टरांनी बाकीची चार सुपाने झाकून गोळा केली.

सासूबाई आल्या तेव्हा मी पिल्लू मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी हळद आणि खोबरेल तेल आणलं, जखम पाहिली, लेप लावला. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी ऐकवलं नाही.

"घर त्यासनं शे," त्या म्हणाल्या. "पहिले देखू दे त्यासले."

म्हणजे घर त्या चौघींचं आहे, आधी त्यांना नुसतं बघू दे. पाच आठवडे मी पिल्लांचीच काळजी केली होती. चार कोंबड्यांना काय वाटेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी आपापल्या जागा वर्षानुवर्षं भांडून ठरवल्या होत्या आणि मी एका सकाळी त्यांच्या अंगणात पाच अनोळखी तोंडं ओतली होती.

पुढचा रविवार मिस्टरांनी कामाला लावला. भंगारवाल्याकडून लोखंडी जाळीचे दोन तुकडे आणले, खिडकीच्या जुन्या चौकटीवर ताणून बसवले आणि मागच्या जागेचा तिसरा हिस्सा वेगळा केला. पपईचं झाड पिल्लांच्या बाजूला गेलं. जाळीला एक छोटं दार ठेवलं, कडी बाहेरून. डोक्याला जखम झालेलं पिल्लू आठवडाभर घरातच राहिलं, कारण लाल डाग दिसला की कोंबड्या टोचायचं थांबत नाहीत. ते सासूबाईंच्या पदराखाली झोपायला शिकलं.

पहिले चार दिवस काळी जाळीच्या कडेने येरझाऱ्या घालत होती. पिल्लू जवळ आलं की जाळीवर टोच. लोखंडाचा आवाज व्हायचा, पिल्लू मागे सरायचं. पण त्याला लागत नव्हतं, आणि टोच मारून काही होत नाही हे काळीलाही कळत होतं. सासूबाई रोज सकाळी जाळीजवळ पाट टाकून बसत. त्या जाळीच्या अलीकडे मूठभर बाजरी टाकत आणि पलीकडे मूठभर. पहिल्या दिवशी दोन्ही मुठी जाळीपासून लांब. मग दर एक-दोन दिवसांनी वीतभर जवळ. मी शाळेत जायच्या आधी दहा मिनिटं त्यांच्याजवळ उभी राही. दोन आठवड्यांनी एका सकाळी मी पाहिलं, काळी आणि एक पांढरं पिल्लू जाळीच्या दोन बाजूंनी, चोचीला चोच लागेल इतक्या जवळून दाणे टिपत होती. काळीने मान वर केली, पिल्लाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"आते उघडू का?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"आते नको," त्या म्हणाल्या. "आखो मोठा होऊ दे." पिल्लं अजून मोठी व्हायला हवी होती.

आमच्या शेजारी एक गुजराती काकी राहतात. पक्क्या शाकाहारी, लसूणसुद्धा न खाणाऱ्या. कोंबड्या त्यांना कधी आवडल्या नाहीत, पण सासूबाईंशी त्यांचं मेतकूट जमलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळायची आणि तेवढी त्यांना पुरत होती. एक दिवस भिंतीवरून वाकून त्यांनी विचारलं, "टीचर, आ शुं चाले छे? जेल बनावी?"

मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी जखमी पिल्लू पाहायला मागितलं, पण हात लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या कोबीची वरची पानं पिशवीत घालून भिंतीवर ठेवायला लागल्या. सासूबाईंनी ती पानं सुतळीत ओवून जाळीच्या दोन्ही बाजूंना टांगली. कोंबड्या उड्या मारून पानं ओढायला लागल्या. चोचीला काम मिळालं की दुसऱ्याच्या डोक्याकडे लक्ष कमी जातं.

जानेवारीच्या सुरुवातीला पिल्लं कोंबड्यांच्या खांद्याला लागली. सासूबाई म्हणाल्या, आता चालेल. या वेळी मी तयारी केली. खाण्याची भांडी एकाऐवजी तीन, एकमेकांपासून लांब. पाण्याची दोन. भिंतीला एक जुनी फळी तिरकी टेकवली, तिच्याखाली पिल्लं सहज शिरतील पण मोठी कोंबडी वाकल्याशिवाय जाणार नाही. कुठेही असा कोपरा ठेवला नाही की जिथून पळायला वाट नसेल. मग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, खुराड्यात जायची वेळ जवळ आली तेव्हा, मी कडी काढली.

पिल्लं लगेच बाहेर आली नाहीत. कोंबड्याच आत गेल्या. पिल्लांच्या बाजूची माती त्यांना नवी होती, त्या ती उकरायला लागल्या. मग काळीने एका पिल्लाला टोच मारली. ते ओरडून फळीखाली गेलं. मी पुढे झाले.

सासूबाईंनी माझा हात धरला. "येक-दोन टोचा खाना पडतीन," त्या म्हणाल्या.

मी उभी राहिले. ते मला फार जड गेलं. पण काळी पिल्लामागे गेली नाही. एक टोच मारली, पिल्लू बाजूला झालं, तिचं काम संपलं. तांबडीनेही तेच केलं. उघड्या मानेची तर त्यांच्याकडे पाहीचना. अंधारून आलं तशा चौघी बांबूवर चढल्या आणि पाच पिल्लं खाली, खुराड्याच्या दाराशी एकमेकांत डोकी खुपसून बसली. सकाळी सगळी शाबूत होती.

अडचण आली ती ठिपक्यांचीची. तीच, जी आजवर सगळ्यांत शेवटी खायची. तिच्याखाली कधी कुणी नव्हतं, आणि आता एकदम पाच जण आले. काळीसारखी एक टोच मारून ती थांबेना. ती पिल्लांच्या मागे धावायची, फळीच्या तोंडाशी उभी राहून वाट अडवायची, तिन्ही भांड्यांवर आळीपाळीने पहारा करायची. तिचा डोळा सगळ्यांत जास्त त्या डोक्यावर व्रण असलेल्या पिल्लावर होता. ते पुन्हा जाळीच्या बाजूला जाऊन दिवसभर पपईखाली उभं राहायला लागलं. खाणं सुटलं. हातात घेतलं तर हलकं लागायचं.

"हिले काय करवा?" सासूबाई म्हणाल्या. गावात अशी कोंबडी त्यांनी पाहिली होती. तिथे तिला विकत किंवा कापत. इथे त्यांचं मन होत नव्हतं.

या ठिकाणी मात्र मला माहीत होतं. प्रत्येक वर्गात एक मूल असतं, ज्याला इतकी वर्षं सगळ्यांनी ढकललेलं असतं, आणि त्याच्याहून लहान कुणी आलं की ते सगळं त्याच्यावर काढतं. त्या मुलाला मारून काही होत नाही. त्याची जागा बदलावी लागते. मी म्हणाले, "आई, ठिपक्यांचीला चार दिवस जाळीच्या आत एकटीला ठेवू. बाकी सगळ्यांना बाहेर."

"येकटी?"

"एकटी. खाऊ-पिऊ घालायचं. फक्त बाहेर यायचं नाही."

त्यांनी विचार केला आणि मान हलवली. मीच तिला पकडून आत ठेवलं. पहिला दिवस ती जाळीवर आपटत राहिली. दुसऱ्या दिवशी ओरडत होती. तिसऱ्या दिवशी गप्प बसली. इकडे बाहेर आठ जणांची नवी घडी बसत होती. व्रणाचं पिल्लू पहिल्या दिवशी लांबून पाहत राहिलं, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या भांड्यापाशी आलं. चौथ्या संध्याकाळी मी ठिपक्यांचीला सोडलं. ती बाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. आता नवी तीच होती. एक वाढलेलं पिल्लू छाती काढून तिच्यासमोर गेलं, दोघांनी माना ताठ केल्या, एकदा एकमेकांवर उडी मारली आणि मग ठिपक्यांचीनेच मान वळवून माती उकरायला सुरुवात केली. तिची अडवायची सवय त्या दिवसापासून गेली. अधूनमधून एखादी टोच ती मारायची, पण तेवढी तर सगळ्याच मारतात.

"हाई माले माहीत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. मला ते वाक्य कुठल्याही शाबासकीपेक्षा मोठं वाटलं.

चार दिवसांनी उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत आली. त्या दिवशी सुरतेत जमिनीवर कुणी नसतं, सगळं शहर गच्चीवर असतं. सकाळपासून भोंगे, आरोळ्या, आणि आभाळ पतंगांनी भरलेलं. मांजा कोंबड्यांच्या पायांत अडकू नये म्हणून आम्ही मागच्या जागेवर दोन जुन्या साड्या ताणल्या होत्या, तरी मधली फट राहिलीच. दहाच्या सुमारास एक मोठा काळा पतंग कापला गेला आणि गिरक्या घेत सरळ आमच्या अंगणावर उतरायला लागला. कोंबड्यांना ती घारच वाटली असणार. काळीने घशातून एक लांब, जाड आवाज काढला. तो मी आधी कधी ऐकला नव्हता. क्षणात नऊच्या नऊ फळीखाली. जिथे मोठी कोंबडी वाकल्याशिवाय शिरणार नाही असं मी मोजून ठरवलं होतं, तिथे चार मोठ्या आणि पाच पांढरी, सगळी अंगाला अंग दाबून बसली. पतंग साडीवर अडकला. मी तो ओढून काढला, मांजा गुंडाळला, तरी बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. मी वाकून पाहिलं. व्रणाचं पिल्लू काळीच्या छातीखाली होतं.

त्या रात्री पाचांपैकी तीन पिल्लं बांबूवर चढली. आठवडाभरात सगळीच.

सासूबाईंचं म्हणणं खरं ठरलं. मार्चमध्ये तिघांनी आरवायला सुरुवात केली. व्रणाचं पिल्लू आणि आणखी एक, या दोन कोंबड्या निघाल्या. तीन कोंबडे एका अंगणात ठेवता येत नाहीत. ते आपसात भांडतात आणि कोंबड्यांची पाठ सोलून काढतात. दोघांना मिस्टरांच्या चुलतभावाच्या शेतावर, पलसाण्याच्या पुढे, नेऊन सोडलं. मी स्वतः नेलं. तिथे त्यांचं पुढे काय होईल हे मला माहीत होतं आणि मी ते शाळेत मुलांपासूनही लपवलं नाही. एक आमच्याकडे राहिला. काकींना मी आधी विचारलं. त्या म्हणाल्या, पहाटे पूजेला उठायचंच असतं, राहू द्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काळी खुडूक बसली. सासूबाईंनी तिच्याखाली सात अंडी ठेवली. सहांतून पिल्लं निघाली. मी जाळीचं दार पुन्हा नीट करून घेतलं, भांडी घासून ठेवली, फळी तिरकी टेकवली. सगळी तयारी केली आणि पिल्लं पाच-सहा दिवसांची झाली तशी सकाळी मागे गेले.

काळी माझी वाट पाहत थांबली नव्हती. ती सहा पिल्लांना घेऊन खुराड्यातून बाहेर आली आणि सरळ सगळ्यांच्या मधून चालत गेली. ठिपक्यांची एका पिल्लाकडे वळली मात्र, काळीने पिसं फुगवली, पंख खाली सोडले आणि दोनच पावलं टाकली. ठिपक्यांची बाजूला झाली. कोंबडाही बाजूला झाला. काळी मधल्या भांड्यापाशी गेली, कुटकुट करून पिल्लांना बोलावलं, आणि ती खायला लागली. पाच मिनिटांत सगळं आटोपलं होतं.

सासूबाई हसत होत्या. मीही हसले. जाळी मी काढली नाही, कडी फक्त उघडी ठेवली. आई नसलेली पिल्लं पुन्हा कधी कुणाच्या दप्तरातून निघाली तर त्यांच्यासाठी तीन-चार आठवडे कसे काढायचे, हे मला आता येतं. घड्याळात पाहिलं तर साडेसहा वाजून गेले होते. मी पाण्याची भांडी भरली, सासूबाईंना पाट दिला आणि शाळेसाठी साडी नेसायला आत गेले.